मदत हवी आहे: गिटमध्ये ऑर्फन ब्रांच, पण वेगळ्या फोल्डरमध्ये

एकाच रेपोत (गिटने इतिहास सांभाळलेलं प्रोजेक्टचं फोल्डर) कोडची मेन ब्रांच आहे. डॉक्युमेंटेशनसाठी ‘डॉक्स’ नावाची, मेनशी काहीही सामाईक इतिहास नसलेली, म्हणजे ऑर्फन, ब्रांच हवी आहे. दोन्ही कधीच मर्ज करायच्या नाहीत. वेगळा रेपो काढता येत नाही, आम्हाला परवानगी एकाच रेपोची आहे.

आधी ‘गिट चेकआउट --ऑर्फन डॉक्स’ दिलं. इतिहास कोरा झाला, पण मेनच्या सगळ्या फाइल्स स्टेज झालेल्याच (पुढच्या नोंदीत जायला तयार) राहिल्या. मग नवी ‘गिट स्विच --ऑर्फन’ वापरली. तिने ट्रॅक केलेल्या फाइल्स काढल्या, आणि त्यात डॉट गिटइग्नोरही (गिटने कुठल्या फाइल्सकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी) गेली! त्यामुळे आजवर दडलेली पासवर्डची डॉट ईएनव्ही फाइल स्टेटसमध्ये लाल अक्षरांत समोर आली. ‘गिट अॅड .’ टाइप करून झालं होतं, फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं, नाहीतर तीही स्टेज झाली असती. हे टीममधल्या कुणाच्याही हातून होऊ शकतं, म्हणून मला त्याच फोल्डरमध्ये ब्रांच बदलायचीच नाही.

वर्कट्री म्हणजे त्याच रेपोचं दुसरं फोल्डर; त्यात थेट ऑर्फन ब्रांच काढणारी ‘वर्कट्री अॅड --ऑर्फन’ गिट २.४२ पासून आहे. आमच्या उबुंटू २२.०४ वर २.३४ आहे आणि सर्व्हरवर अपडेट करायचे अधिकार नाहीत.

‘वर्कट्री अॅड --डिटॅच’ने शेजारी फोल्डर करून त्याच्या आत ‘स्विच --ऑर्फन डॉक्स’ दिलं, तर मूळ फोल्डरच्या फाइल्स आणि इंडेक्स (स्टेज केलेल्या फाइल्सची नोंद) जसेच्या तसे राहतील ना? २.३४ वर कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का?