एचडीएमआय सिग्नलची मूल्ये उत्पादनात कायम करण्यापूर्वी काय तपासावे?

अंबडकर:
नमस्कार. अंबड एमआयडीसीतील यंत्रांवर बसणाऱ्या कंट्रोल पॅनेलसाठी आम्ही एक बोर्ड केला आहे. त्याच्या प्रोसेसरमधील एचडीएमआय फाय (केबलवर सिग्नल पाठवणारा भाग) सिनॉप्सिस कंपनीचा असून, लिनक्स कर्नलमधील मूळ मूल्यांवर १०८०पी, ६० हर्ट्झला पाच मीटरच्या केबलवर तुरळक ठिपके चमकत होते. व्होल्टेज पातळी आणि प्री-एम्फसिस (सिग्नल बदलतानाचा जादा जोर) वाढवल्यावर चित्र स्वच्छ झाले. मात्र मे महिन्यात शेडचा पत्रा तापतो आणि जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, त्यामुळे टेबलावरच्या निकालावर विसंबून ही मूल्ये कायम करावीत का?

सातपूर_हार्डवेअर:
एवढ्यावर करू नयेत. चित्र स्वच्छ दिसते याचा अर्थ एवढाच की त्या पडद्याच्या रिसीव्हरने सिग्नल सांभाळून घेतला. दुसरा पडदा तसा घेईलच असे नाही. १०८०पी६० ला पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रत्येक डेटा जोडीवर १.४८५ गिगाबिट प्रतिसेकंद. त्याची मूळ वारंवारता याच्या निम्मी असते आणि तिचा पाचवा हार्मोनिक (पाचपट वारंवारता) ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो, त्यामुळे ५०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर आय डायग्राम (एकावर एक रचलेल्या बिटांचा आलेख) पाहून काहीच ठरवता येत नाही. किमान ४ गिगाहर्ट्झचे उपकरण आणि कनेक्टरवर बसणारे टेस्ट फिक्श्चर (मोजणीसाठीचा जोड) भाड्याने मिळवावे. फिक्श्चरमधून प्रत्येक तारेला ५० ओहममार्गे ३.३ व्होल्ट मिळाले पाहिजेत, कारण ट्रान्समीटर फक्त प्रवाह खेचतो; हे टर्मिनेशनच नसेल तर मोजण्यासारखे काही दिसणार नाही. एका तारेवरचा स्विंग (व्होल्टेजची चढउतार) ४०० ते ६०० मिलिव्होल्टच्या आत हवा.

त्यानंतर मूल्य एकेक पायरी वर आणि खाली नेत आय (आलेखातील मोकळी जागा) मास्कला, म्हणजे ठरलेल्या सीमेला, कुठे टेकते ते दोन्ही बाजूंनी पाहावे व मधले मूल्य निवडावे. हेच गरम आणि थंड अवस्थेत, पीसीबीच्या वेगवेगळ्या लॉटमधील बोर्डांवर करावे. माझ्या मते त्याआधी ईएसडी डायोडची (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या डायोडची) कपॅसिटन्स आणि जोडीखालचा ग्राउंड प्लेन तपासणे अधिक गरजेचे आहे. तिथला दोष पातळी वाढवून झाकला, तर तो ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय) चाचणीत हमखास डोके वर काढतो.

गंगापूररोड_लिनक्स:
सॉफ्टवेअरच्या बाजूने एक भर घालतो. आपण रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेले मूल्य केबल काढून पुन्हा लावली की पुसले जाऊ शकते, कारण मोड बसवताना ड्रायव्हर फाय नव्याने कॉन्फिगर करतो. त्यामुळे मूल्ये ड्रायव्हरच्या तक्त्यातच हवीत. त्या तक्त्यातील प्रत्येक ओळ पिक्सेल क्लॉकची वरची मर्यादा असते आणि मागितलेला क्लॉक ज्या पहिल्या ओळीत बसतो, ती लागू होते, म्हणून १४८.५ ची ओळ सुधारल्याने ७४.२५ मेगाहर्ट्झचा ७२०पी सुधारला असे समजू नये. बूटलोडर (कर्नलआधी चालणारा प्रोग्राम) लोगो दाखवत असेल, तर त्याची मूल्येही वेगळी बदलावी लागतात.

अंबडकर:
मनःपूर्वक आभार. फिक्श्चर मिळेपर्यंत निदान तुलना तरी करता येईल असा काही उपाय आहे का?

सातपूर_हार्डवेअर:
पडदा एचडीएमआय २.० चा असून एससीडीसी (पडद्याची स्थिती वाचण्याची सोय) पाळत असेल, तर डीडीसीवर (केबलमधील माहितीच्या तारांवर) ०x५४ या पत्त्यावरून प्रत्येक चॅनेलचे त्रुटी-मोजक वाचता येतात. साध्या औद्योगिक पॅनेलमध्ये ही सोय बहुधा नसते, म्हणून एखादा टीव्ही वापरून पाहावा. मात्र मोजक शून्य राहिला तरी आय किती उघडी आहे हे त्यावरून कळत नाही. दोन मूल्यांपैकी कोणते अधिक वाईट, एवढेच ठरवण्यासाठी तो वापरावा.