मदत हवी आहे: सार्कोमाची ट्रायल, एक औषध की दोन? सोमवारी सही

घाईत_आहे:
आईला सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींचा कॅन्सर), फुफ्फुसात पसरलाय. डॉक्टर ट्रायल सुचवतायत. एका गटाला एकच औषध, दुसऱ्याला दोन. दोनवाला गट मागून घेता येतो का? पटकन सांगा.

खिडकीपाशी:
कुठला सार्कोमा? पन्नासच्या वर प्रकार आहेत. औषधं कुठली?

जुना_वाचक:
डोळे मिटून दोन घ्या. माझ्या भावाला डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड एकत्र दिलं. तिसऱ्या सायकलनंतर मांडीतली गाठ लिंबाएवढी उरली, ऑपरेशन झालं.

खिडकीपाशी:
डोळे मिटून कशाला? २०१४ साली युरोपातल्या चाचणीचे आकडे आले. एकट्या डॉक्सोरुबिसिनच्या तुलनेत या जोडीने गाठ आकसणारे १४ चे २६ टक्के झाले खरे. पण आयुष्याचा मध्यक १२.८ महिन्यांवरून १४.३, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात फरकच नाही. आणि पांढऱ्या पेशी घसरून ताप येणारे १३ चे ४६ टक्के.

जुना_वाचक:
भावाची गाठ टक्केवारी वाचून आकसली नाही.

मऊ_टोपी:
केस आधीच बारीक कापून घ्या. उशीवर झुपके दिसले की फार लागतं.

घाईत_आहे:
केसांचं विचारलं नव्हतं हो. गर्भाशयाचा लायोमायो आहे, म्हणजे लायोमायोसार्कोमा, स्नायूतला. डॉक्सो, किंवा डॉक्सो अधिक ट्रॅबेक्टेडिन.

खिडकीपाशी:
हे आधी सांगायचं ना! मग वरचे आकडे विसरा. लायोमायोवर हीच जोडी फ्रान्समध्ये तपासली गेलीय. रोग न वाढता सुमारे १२ महिने, एकट्या डॉक्सोवर ६. आयुष्य ३३ महिने, एकट्यावर २४. तुमच्याकडे एकट्या डॉक्सोचा गट का ठेवलाय आणि ट्रायलबाहेर ही जोडी मिळेल का, ते विचारा.

फाइलवाली:
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. गट मागता येत नाही, कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरच्याही हातात नसतं. सही केली तरी केव्हाही बाहेर पडता येतं. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला का? आधी कधी केमो?

घाईत_आहे:
एको उद्या आहे. दहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरला लाल औषध दिलं होतं. पण ते वेगळं ना?

फाइलवाली:
अहो, लाल म्हणजे बहुतेक डॉक्सोच, नाहीतर त्याचा भाऊ एपिरुबिसिन! दोन्हींचा हृदयावरचा हिशेब जन्मभराचा असतो, आधीचे डोसही मोजतात. डॉक्सो एकूण साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या पुढे नेत नाहीत. हे ट्रायलवाल्यांना सांगितलंत का?

घाईत_आहे:
विचारलं नाही कुणी. जुनी फाइल शोधतोय.

जुना_वाचक:
तरी दोनच घ्या.