बँड स्पॉटिफाय सोडतायत. ऐकणाऱ्यांनी काय करायचं?

खर्ज
२०२५ च्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझार्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने आपलं संगीत स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवेवरून काढून घेतलं. त्याच सुमारास डीअरहूफ आणि शू शू या बँडनीही सोडायचं जाहीर केलं, आणि सप्टेंबरात मॅसिव्ह अटॅक या बँडने आपल्या लेबलला (संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीला) तसं कळवलं. सगळ्यांचा आक्षेप एकच: स्पॉटिफायचे संस्थापक डॅनिएल एक यांच्या गुंतवणूक कंपनीने युद्धासाठी ड्रोन आणि एआय बनवणाऱ्या हेलसिंग या जर्मन कंपनीसाठी ६० कोटी युरो उभे करण्यात पुढाकार घेतला.

मला वाटतं आता आपणही निघायला हवं. पैशांचा मुद्दा तर आधीपासूनच आहे. २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १००० प्लेज (ऐकलं जाण्याच्या वेळा) नाहीत, त्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. स्वतंत्र संगीतातली किती गाणी त्या रेषेच्या खाली राहत असतील! याउलट बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम घेतला तर ते १५ टक्के ठेवतात, व्यवहाराचं शुल्क वेगळं जातं आणि उरलेलं सगळं कलाकाराला मिळतं.

मी सदस्यत्व बंद करून त्या पैशांत दर महिन्याला एक अल्बम घेतो. आता नवीन फारसं ऐकणं होत नाही, हे खरं. पण जे घेतो ते वीस-वीस वेळा ऐकतो. चौथ्या-पाचव्या वेळेला बेसची चाल लक्षात येते, जी आधी कानावरून गेली होती.

तालमीची_खोली
मी एका छोट्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. किंग गिझार्डचे पंचवीसच्या वर अल्बम आहेत, जगभर दौरे आहेत. त्यांनी सोडलं तर बातमी होते आणि चाहते शोधत बँडकॅम्पवर जातात. आम्ही सोडलं तर कुणाला कळणारही नाही.

आमच्या मागच्या कार्यक्रमाला आलेल्या अनोळखी लोकांना मी विचारलं होतं, आम्ही कुठे सापडलो? बहुतेकांचं उत्तर एकच: दुसरं काहीतरी ऐकत होतो, ते संपलं आणि तुमचं आपोआप सुरू झालं. गाण्याचे पैसे आम्हाला मिळाले नाहीत, पण ती माणसं तिकीट काढून आली. ती वाट आम्हीच बंद करायची का?

आणि निघालेले किती टिकतात तेही बघा. रेडिओहेड बँडचा गायक थॉम यॉर्कने २०१३ मध्ये आपले काही अल्बम काढले, २०१७ मध्ये ते परत आले. गायक नील यंग २०२२ मध्ये स्पॉटिफाय सोडून गेले, २०२४ मध्ये परतले.

कोमल_धैवत
परत आले म्हणून निघणं चुकीचं ठरत नाही. आपल्या गाण्यावर उभा राहिलेला पैसा शस्त्रांत जातोय हे एखाद्याला सहन होत नसेल, तर त्याला श्रोत्यांचे आकडे काय सांगायचे?

उलटी_बाजू
कोमल_धैवत यांच्याशी सहमत. पण पैशांच्या बाबतीत खर्ज यांनी मुळातली गोष्ट सोडली. १००० ची अट काढली तरी अन्याय राहतोच, कारण सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जमा होतात आणि एकूण प्लेजमधल्या वाट्याप्रमाणे वाटले जातात. मी महिनाभर फक्त एका लहान बँडला ऐकलं, तरी माझ्या वर्गणीचा मोठा भाग मी कधीच न ऐकलेल्या मोठ्या कलाकारांकडे जातो. साउंडक्लाउड या दुसऱ्या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये लहान कलाकारांसाठी दुसरी पद्धत आणली: श्रोता ज्यांना ऐकतो, त्याचे पैसे त्यांच्यातच वाटायचे. मागणी करायची तर ही करा.

बँडकॅम्पला देव्हाऱ्यात बसवू नका. २०२२ मध्ये ते एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीने विकत घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीला विकलं आणि जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढचा मालक १५ टक्के १५ च ठेवेल याची हमी कोण देणार?

खर्ज
हंड्याचा मुद्दा पटला. पण आपोआप पुढचं गाणं लावणाऱ्या अल्गोरिदमशिवाय लोकांपर्यंत पोहोचताच येत नाही, हे मान्य नाही. कॅनडाच्या सिंडी ली यांचा 'डायमंड ज्युबिली' हा अल्बम बघा. २०२४ च्या मार्चमध्ये आला, ३२ गाणी, दोन तासांचा. कुठल्याही मोठ्या स्ट्रीमिंग सेवेवर नव्हता, फक्त यूट्यूबवर आणि जुन्या धाटणीच्या एका साध्या संकेतस्थळावर. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी ९.१ गुण दिले आणि वर्षभर त्याची चर्चा झाली.

उलटी_बाजू
हो, पण त्याच वर्षी जानेवारीत पिचफोर्कला त्याच्या मालक कंपनीने जीक्यू या पुरुषांच्या मासिकाच्या छत्राखाली नेलं आणि तिथले बरेच जण कामावरून कमी झाले. सिंडी लीला ज्या वाटेने श्रोते मिळाले, तीच अरुंद होतेय. एखाद्या माणसाने बसून दोन तासांचा अल्बम ऐकायचा आणि त्यावर मनापासून लिहायचं, हे काम पगारावर करणारे आता किती उरलेत? मला याची काळजी स्पॉटिफायपेक्षा जास्त वाटते.

तालमीची_खोली
आणि सिंडी लीच्या मागे आधीच्या बँडपासूनची कित्येक वर्षं आहेत. पहिला-दुसरा अल्बम काढणाऱ्याने त्या उदाहरणावर विसंबून राहू नये.

खर्ज
ठीक. लहान बँडनी आजच निघावं, हा आग्रह मी मागे घेतो. ऐकणाऱ्यांबद्दलचं मत मात्र तेच आहे. बँडनी निदान एवढं करावं: नवीन अल्बम आधी दोन आठवडे फक्त विकत घेण्यासाठी ठेवावा आणि मग स्ट्रीमिंगला द्यावा. ज्यांना खरंच हवाय ते घेतील, आणि तुमची आपोआप सापडण्याची वाटही उघडी राहील.

तालमीची_खोली, तुमचा अल्बम विकत कुठे मिळेल?

तालमीची_खोली
कुठेच नाही. प्रामाणिक उत्तर हेच आहे. वितरकाकडून सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर एकदम गेला आणि विकायला ठेवायचं कुणी सुचवलंच नाही, आम्हालाही सुचलं नाही. आठही गाण्यांच्या वेव्ह फाइली माझ्याकडे आहेत. मुखपृष्ठाचं मोठं चित्र गिटारवाल्याकडून घेतो आणि शुक्रवारी चढवतो.

खर्ज
पहिली प्रत माझी.