मदत हवी आहे: नवी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) गाडी आत्ता घ्यावी की थांबावं?

नमस्कार मंडळी, मी अंबाजोगाईचा. रविवारी आम्ही चार-पाच जण बालाघाटाच्या डोंगरात गाड्या घालतो. पावसाळ्यात काळ्या रानातून जाताना चाकांना मातीचे गोळे चढतात, लो रेंज (कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) टाकल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. माझी जुनी डिझेल गाडी आता थकलीय.

सरकारचे मायलेजचे ‘कॅफे’ नियम एकेका गाडीला नाही, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारच्या सरासरीला लागतात. २०२२-२३ पासून ते आणखी कडक झाले. म्हणून धास्ती वाटते: ही सरासरी सांभाळायला जड डिझेल गाड्या आणि लो रेंज कंपन्या हळूहळू बंद करतील का? हायब्रिड फोर बाय फोर चिखलात कुणी घातलीय का? कर्ज काढून आत्ताच घेऊ का? स्वतः चालवणाऱ्यांनी सांगा, दिवाळीआधी ठरवायचंय.