बनी शॉ : विश्वचषकात एकही गोल नाही, तरी थोर?

कोपऱ्यातला_झेंडा

मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे. हसलात तरी चालेल.

2023 च्या महिला विश्वचषकात फ्रान्स-जमैका सामना पाहिला होता, सिडनीतला, 0-0 सुटलेला. त्यात जमैकाची ती उंच स्ट्रायकर, खदिजा शॉ ऊर्फ बनी, अगदी शेवटी दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेली. समालोचक सारखे सांगत होते की जमैकासाठी सगळ्यात जास्त गोल तिचेच, पुरुष धरूनसुद्धा. पुढचा सामना तिच्याविना झाला आणि जमैकाने पनामाला 1-0 हरवलं! विश्वचषकातला त्यांचा तो पहिला विजय, आणि गोल कोणाचा, तर ॲलिसन स्वाबी या बचावपटूचा, कॉर्नरवरून हेडरने.

नंतर शोधलं तर शॉच्या नावावर 2019 आणि 2023 या दोन्ही विश्वचषकांत मिळून एकही गोल नाही. मग तिला कॅरिबियनची सर्वात थोर महिला फुटबॉलपटू म्हणतात ते कशाच्या जोरावर? इंग्लंडमधल्या क्लबने उत्तम पास द्यायचे आणि हिने जाळ्यात ढकलायचे, एवढंच आहे का? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

स्टॉपर_बाई

झेंडेदादा, प्रश्न बाळबोध नाही, पण बघायची जागा चुकली आहे.

मी स्वतः अकरा वर्षं स्टॉपर, म्हणजे गोलसमोरची मधली बचावपटू, खेळले. मोठ्या पातळीवर नाही, पण माझ्यापेक्षा वीतभर उंच बायकांना पाठीवर घेऊन नव्वद मिनिटं काढणं म्हणजे काय ते गुडघ्यांना अजून आठवतं. त्यामुळे स्ट्रायकर बघताना माझी नजर गोलवर नसते. तिला रोखायला किती जणी लागतात ते मी मोजते. शॉला 2019 मध्ये बहुतेक वेळा दोन जणी लागत होत्या, आणि चेंडू तिच्याकडे यायचा तोच मुळी मागून कोणीतरी उंच भिरकावलेला. ब्राझीलकडून 0-3, इटलीकडून 0-5, ऑस्ट्रेलियाकडून 1-4. संघ आपल्याच अर्ध्यात अडकलेला असताना पुढे एकटी उभी असलेली बाई गोल कुठून आणणार?

आता तो ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एक गोल. ग्रेनोबलला, उत्तरार्ध नुकताच सुरू झालेला. हवाना सोलॉनने गोलकीपरला चकवून चेंडू आत सरकवला. जमैकाच्या बायकांचा विश्वचषकातला हा पहिलाच गोल. सोलॉनला मोकळी सोडणारा पास कुणाचा? शॉचा. तुमच्या तक्त्यात तो शून्यच दिसणार.

दुसरं म्हणजे, ती तिथवर पोचली कशी ते बघा. स्पॅनिश टाऊन हे किंग्स्टनजवळचं गाव. तेरा भावंडांत ही धाकटी, वडील चपला-बूट शिवणारे. आईचा फुटबॉलला विरोध, मुलीने शिकावं एवढंच तिचं म्हणणं. पोरं खेळायची आणि ही बघत बसायची. चेंडू पायावर झेलायला भावानेच शिकवलं. गाजरं फार खायची म्हणून ‘बनी’, म्हणजे ससुली! पुढे चार भाऊ गेले, त्यातले तीन टोळ्यांच्या हिंसाचारात. त्या वर्षांत ती अमेरिकेत कॉलेजात होती. आधी दोन वर्षांचे अभ्यासक्रम असणाऱ्या छोट्या कॉलेजांत, मग टेनेसी विद्यापीठात. 2018 मध्ये इंग्लंडच्या गार्डियन वृत्तपत्राने तिला वर्षाची फुटबॉलपटू निवडलं तेव्हा ती कुठल्याही व्यावसायिक क्लबात नव्हती, विद्यार्थिनी होती.

हा कॉलेजचा रस्ता समजून घ्या, कारण इथे सगळं त्यावरच अडतं. बेटावर मुलींना पगार देणारा क्लब नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर खेळ आणि शिक्षण दोन्ही मिळतं, नाहीतर सोळा-सतराव्या वर्षी बूट खुंटीला. 2023 च्या संघातल्या कित्येक जणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या, आई-वडिलांच्या मुळामुळे जमैकाकडून खेळणाऱ्या. त्यात वाईट काही नाही, गोलकीपर रिबेका स्पेन्सर नसती तर ते तीन सामने गोल न खाता निघाले नसते. पण शॉ त्या गल्लीतून निघालेली आहे.

आणि संघ तरी धड होता का? जमैकाच्या फुटबॉल महासंघाने पैसे काढून घेतले आणि बायकांचा संघ काही वर्षं जवळजवळ बंदच होता. 2014 मध्ये बॉब मार्लीची मुलगी सेडेला हिच्या हातात तिच्या मुलाने शाळेतून आणलेला निधीसंकलनाचा एक कागद पडला, म्हणून ती मदतीला उतरली. 2016 ला परत गाडी थांबली. प्रशिक्षक ह्यू मेन्झीस पगाराशिवाय काम करायचे. ऑक्टोबर 2018 मध्ये टेक्ससातल्या फ्रिस्कोला पात्रतेचा निर्णायक सामना, पनामाविरुद्ध 2-2, मग पेनल्टी. गोलकीपर निकोल मॅक्लूरने दोन अडवल्या, डॉमिनिक बाँड-फ्लाझाने शेवटची मारली, आणि कॅरिबियन बेटांवरचा पहिला महिला संघ विश्वचषकात गेला. त्या सामन्यातला जमैकाचा पहिला गोल शॉचा. पात्रतेच्या सामन्यांतले गोल धरायचे नाहीत असं कुठे लिहिलंय का? तेच नसते तर तुम्ही तिला विश्वचषकात बघितलीच नसती.

लाल कार्डाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. एक पिवळं कार्ड आधीच मिळालेलं असताना त्या वेळी तो धक्का द्यायची गरज नव्हती. मी टीव्हीसमोर ओरडले होते.

आकडेबहाद्दर

स्टॉपरताईंच्या पोस्टला माझी पुरवणी. “उत्तम पास मिळतात म्हणून गोल” या मुद्द्यावर :

शॉचा आधीचा क्लब बोर्दो हा काही फ्रान्समधला सर्वात बलाढ्य महिला संघ नव्हे, तिथे ल्यों आणि पॅरिसचं राज्य. तरी 2020-21 मध्ये लीगची सर्वाधिक गोल करणारी शॉच, 22 गोल. मग इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटी. 2022-23 ला 20 गोल करून रेचल डेलीच्या (22) मागे दुसरी. 2023-24 ला 18 सामन्यांत 21, आणि सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. त्याच हंगामात जॉर्जिया स्टॅनवेचा सिटीतला गोलांचा विक्रमही मोडला.

आणि उलटा पुरावा हवा असेल तर तोही त्याच हंगामात आहे. एप्रिलच्या शेवटी तिचं पाऊल मोडलं. सिटी तेव्हा विजेतेपदाच्या वाटेवर होती. तिच्याविना आर्सेनलकडून 1-2 हरले, शेवटी चेल्सी आणि सिटीचे गुण सारखे, आणि गोलफरकावर चषक चेल्सीकडे. गोलफरकावर! स्ट्रायकर घरी बसलेली असताना.

कोपऱ्यातला_झेंडा

बाई, आकडेबहाद्दर, शरणागती. पाऊल मोडल्याचं ठाऊक नव्हतं.

एक उपप्रश्न. क्रिकेटमुळे डोक्यात ‘वेस्ट इंडीज’ हा एकच संघ बसलाय. फुटबॉलमध्ये प्रत्येक बेट वेगळं खेळतं. मग ही पैशांची रड फक्त जमैकाची, की सगळ्यांचीच?

जुना_पंच

सगळ्यांचीच. त्रिनिदादची 2014 ची गोष्ट सांगतो.

विश्वचषक पात्रता स्पर्धेआधी त्यांचा संघ सरावासाठी डॅलसला उतरला तो एकूण 500 डॉलर घेऊन. चेंडू नाहीत, विमानतळावरून हॉटेलला न्यायला गाडी नाही. प्रशिक्षक रँडी वॉल्ड्रम यांनी ट्विटरवर जाहीरपणे मदत मागितली. हे ऐकून कोण पुढे आलं? हैतीच्या मुली. स्वतःच्या तयारीसाठी जमवलेले 1,316 डॉलर त्यांनी देऊ केले. आणि दोन्ही संघ एकाच गटात होते, म्हणजे समोरासमोर खेळायचे होते. सामना त्रिनिदादने जिंकला.

पुढे त्रिनिदादची इक्वेडोरशी दोन सामन्यांची लढत ठरली. क्विटोत 0-0. पोर्ट ऑफ स्पेनला परतीचा सामना, स्टेडियम खच्चून भरलेलं, आणि इंज्युरी टाइममध्ये इक्वेडोरचा गोल. संपलं. केनिया कॉर्डनरसारखी खेळाडू त्या एका गोलामुळे विश्वचषकाविना राहिली. मी पुष्कळ सामने पाहिले, पण शिट्टी वाजल्यावर इतकं शांत झालेलं मैदान क्वचित.

हैतीच्या मुली 2023 ला पोचल्या. चिलीविरुद्धच्या निर्णायक सामन्यात दोन्ही गोल मेल्ची दुमोर्नेचे, तेव्हा ती 19 वर्षांची. विश्वचषकात तिन्ही सामने हरल्या, पण इंग्लंडला त्यांच्याविरुद्ध एकच गोल करता आला, तोही पेनल्टीवर, आणि पहिला फटका अडवला गेल्यावर पुन्हा मारायला मिळाली म्हणून.

स्टॉपर_बाई

पंचकाका, हैतीच्या त्या पैशांचं मला माहीतच नव्हतं. दोनदा वाचलं.

झेंडेदादा, जमैकाची रड तर 2023 पर्यंत चालूच होती. स्पर्धेच्या महिनाभर आधी खेळाडूंनी खुलं पत्रक काढलं : नियोजन नाही, प्रवास-निवासाची बोंब, ठरलेले पैसे वेळेवर नाहीत. एका खेळाडूच्या आईने ऑनलाइन वर्गणी गोळा केली. त्या वर्गणीवाल्या संघाने ब्राझीलला 0-0 रोखून घरी पाठवलं, त्यांच्या दिग्गज मार्तासकट. हा आपला शेवटचा विश्वचषक असं मार्ताने आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी शॉ संघात परत आलेली होती. तो सामना मिळाला तर बघा, पण चेंडूमागे पळू नका. शेवटची वीस मिनिटं फक्त शॉवर नजर ठेवा.

कोपऱ्यातला_झेंडा

काल रात्री बघितला. कॉर्नर ब्राझीलचा, आणि डोक्याने चेंडू बाहेर काढायला ती आपल्याच गोलसमोर उभी. स्ट्रायकर!

स्टॉपर_बाई

हां. आता दिसायला लागलं तुम्हाला.