प्रति: जुन्या गाडीच्या फ्लोअरला पत्रा लावणे

इन्व्हर्टर आर्क मशीनवर (रॉडने वेल्डिंग करायचं मशीन) मारुती ८०० चा गंजलेला फ्लोअर जोडता येईल का, असं विचारलंय. चेसिसचं जाड काम असतं तर हो म्हटलं असतं. पण फ्लोअरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. त्यावर अडीच मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड म्हणजे जोड कमी आणि भोकं जास्त. मिग घ्या, म्हणजे रॉडऐवजी सतत पुढे येणाऱ्या वायरने वेल्ड करणारं मशीन; ०.८ मिलिमीटरची वायर पुरते.

वर कुणीतरी बिनगॅसची फ्लक्स कोअर वायर (आत फ्लक्सची पूड भरलेली, वेगळा गॅस न लागणारी) सुचवली आहे. चालेल, फक्त पोलॅरिटी बदला: टॉर्च (वायर बाहेर येते ती गन) निगेटिव्हला, अर्थची क्लॅम्प पॉझिटिव्हला. बरेच जण हे विसरतात आणि मग स्पॅटरच्या (उडणाऱ्या वितळलेल्या थेंबांच्या) नावाने मशीनला शिव्या घालतात.

वेल्ड सलग ओढू नका, पत्रा पापडासारखा वाकतो. वेल्डचा एक छोटा टाका इकडे, दुसरा समोरच्या बाजूला, मग हात लागेल इतकं थंड होऊ द्या. मागे तांब्याची पट्टी धरली तर भोकं सहसा पडत नाहीत.

पॅचसाठी जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा शक्यतो नकोच. वापरलात तर कडेचं जस्त घासून काढा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरू शकतो. बॅटरी सोडवणं, कार्पेट काढणं आणि खालून जाणारी पेट्रोलची नळी बघणं हे आधी. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवाच.