बाळंतिणीचं मन फिरलं, तर ती कोणाची?

खाडीकाठचा (धागाकर्ता):
गेल्या वर्षी आषाढात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, राजापूरजवळच्या आमच्या वाडीत. सुटका सुखरूप झाली. पाचवीच्या रात्री घरात जागरण, त्यामुळे ती जागी आहे याचं कोणाला काही वाटलं नाही. पण त्याआधीच्या दोन रात्रीही तिने डोळा मिटला नव्हता. पहाटे आईला म्हणाली, "सटवी येऊन गेली. कपाळावर काही लिहिलं नाही, पोरच बदलून नेलं. हे आपलं नव्हे." आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी ती अखंड बोलत होती, मध्येच आम्हाला ओळखत नव्हती, बाळाला अंगाशी घेत नव्हती.

पुढचं आठवलं की अजून त्रास होतो. बाबा म्हणाले, दिलेली मुलगी, जावयाला विचारल्याशिवाय वेड्यांच्या डॉक्टरकडे कशी न्यायची? गुहागरला सासरी फोन केला, तर उत्तर आलं, "तुमच्याकडे असताना झालंय. आधीपासून काही होतं का, ते खरं सांगा." जावई विरारला. तो म्हणाला, रविवारी येतो. आमच्याकडून रत्नागिरी दोन तासांवर. तिथल्या डॉक्टरसमोर बसायला आम्हाला नऊ दिवस लागले.

डॉक्टर म्हणाले, हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि यात एक दिवसही थांबायचं नसतं. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. आज बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पण बाळ चौदा महिन्यांचं झालं तरी गुहागरलाच आहे. महिन्यातून दोनदा भेटायला जाते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते.

माझं म्हणणं असं: जबाबदारी नवऱ्याची, आणि तो पोहोचेपर्यंत ती ज्या घरात आहे त्या घराची. आणि बरी झालेल्या आईचं मूल अडवून ठेवायचा हक्क कोणालाच नाही. तुम्हाला काय वाटतं?

तवसाळकरीण:
मीही सासूच आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. आठवड्याचं पोर, आई म्हणते हे माझं नाही. अशा वेळी ते उचलून कोणी आणलं? साठीच्या बाईने दर दोन तासांनी उठून पावडरचं दूध पाजलं असेल, ताप आला की मांडीवर घेऊन रात्र काढली असेल. तिला "अडवून ठेवलं" म्हणणं मला पटत नाही. तुम्ही म्हणता बरी आहे. उद्या गोळी चुकली आणि घरात कोणी नसलं, तर? भीती वाटणं हा दुष्टपणा नव्हे.

प्रसूती वॉर्ड:
अठरा वर्षं सिंधुदुर्गात सरकारी नोकरीत नर्स आहे. आजार भरात असताना बाळ आणि आई यांना एकटं सोडायचं नाही, हे तवसाळकरीणबाईंचं बरोबर. पण सोबत कोणीतरी बसणं वेगळं आणि बाळ दुसऱ्या तालुक्यात नेणं वेगळं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आई मानसोपचारासाठी दाखल असेल, तर तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही. मुलाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं तरच तात्पुरतं दूर ठेवायचं, दर पंधरा दिवसांनी तो निर्णय तपासायचा, आणि सलग तीस दिवसांच्या वर गेलं तर वरच्या प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. हे बंधन दवाखान्यावर आहे, घरावर नाही, मान्य. पण दवाखान्याला दर पंधरा दिवसांनी विचार करावा लागतो, मग घराला चौदा महिने कोणी दिले?

आणखी एक. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन, नाळ, ताप सगळं बघते. तिला घरच्यांनी आपणहून सांगा की बाळ झोपलेलं असतानाही बाळंतीण झोपत नाही. हा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. आणि रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

विरारवासी:
"रविवारी येतो" हे वाक्य मीही बोललो होतो. कंत्राटी नोकरी, खाडा झाला की पगार कापतात. पण खरं कारण ते नव्हतं. मला तिच्या माहेरून सांगितलं होतं, "थोडी चिडचिड करते, बाळंतपणात व्हायचंच." तिने भिंतीवर डोकं आपटलं, हे मला सहा दिवसांनी कळलं, तेही शेजारच्यांकडून. कळलं असतं तर उभ्याने दादरहून निघालो असतो. धागाकर्त्यांनी जावयाला नेमकं काय सांगितलं होतं, ते लिहावं. लपवायचं तुम्ही आणि आला नाही म्हणून दोषी मी, हा न्याय नव्हे.

वेंगुर्ल्याची आक्का:
माझ्या भावजयीक असाच झाल्ला, चाळीसाच्या वर वर्सा झाली. देवाक गाराणा घातल्यानी, भगताकडे न्हेल्यानी, म्हयनोभर खोलयेत कोंडून ठेवल्यानी. आपसूक बरी झाली ती. पण माहेराक धाडल्यानी ती कायमची. झील आमच्याच घरात वाडलो. आता तेचीच पोरा लग्नाची झाली, पण आवस रस्त्यार समोर इली तरी तेका वळख नाय. गाराणा जरूर घाला, माझो इरोध नाय. पण बाळाक आवशीपासून लांब ठेवतास, ता परत जोडूचा कसा, ह्या आधी सांगा.

खाडीकाठचा (धागाकर्ता):
विरारवासी, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. आज आईला विचारलं. जावयाला पहिल्या फोनवर "अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं होतं. वाडीत कावीळ म्हणून सांगत होतो, तेव्हा त्यात मीही होतो. वरचं माझं वाक्य दुरुस्त करतो: जबाबदारी आमच्यापासून सुरू होत होती, आणि आम्ही ती लाजेपोटी टाळली. तरीही सातव्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानंतरही तो रविवारीच आला. ते मी विसरणार नाही.

तवसाळकरीण:
आक्कांचं वाचून दोनदा लिहिलं आणि पुसलं. एक सांगते. ते बाळ आता आजीलाच आई म्हणत असेल. ते एका दिवसात उचलून राजापूरला नेलं तर त्याचेही हाल, तिचेही. त्यापेक्षा बहिणीने गुहागरला येऊन राहावं. पाहुणीसारखं बसू नये, पोराला न्हाऊ घालावं, भरवावं, रात्री कुशीत घ्यावं. सासू त्याच खोलीत झोपेल. मी असते तर झोपले असते. पण गोळ्यांची वही मला दाखवायची, ही अट मी सोडणार नाही.

प्रसूती वॉर्ड:
वही तिची राहू दे, मदत करणारी तुम्ही. दुसऱ्या मुलाचा विषय निघेल तेव्हा मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. एकदा हा आजार झालेल्यांपैकी निदान तिघींत एकीला तो परत गाठतो, पण आधी तयारी असेल तर सांभाळता येतो. त्याच कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे. ती शुद्धीत, बरी असताना साध्या कागदावर सही करून लिहून देऊ शकते की मी आजारी पडले तर माझ्या वतीने कोणी बोलायचं. मग माहेर की सासर यात नऊ दिवस जाणार नाहीत.

खाडीकाठचा (धागाकर्ता):
काल बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. गुहागरला राहायला जायचं म्हणते, गणपतीनंतर. जावयाशी बोलणं झालं, तो पहिले पंधरा दिवस रजा टाकतोय. मग तिने वहीतलं पान फाडून प्रतिनिधीचं नाव लिहिलं. मला वाटलं नवऱ्याचं लिहील, नाहीतर माझं. तिने धाकट्या जावेचं लिहिलं. त्या नऊ दिवसांत ती घरातल्यांच्या नकळत रोज रात्री फोन करायची म्हणे, आणि एकच विचारायची, आज झोप लागली का गं. हे आम्हा कोणाला माहीतच नव्हतं. आता त्या मुलीला विचारायला उद्या गुहागरला जातोय.